एकाच शाईतल्या नोंदी

बाबा : घरी जा म्हणाले म्हणजे काय? कामावरून काढलं?

मुलगी : काढलं नाही. चार वाजता बैठक आहे, तेव्हा परत या म्हणाले. तोवर कंट्रोल रूममध्ये थांबायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही.

बाबा : म्हणजे काढल्यातच जमा. बस. पाणी घे.

मुलगी : बसवत नाही.

बाबा : मग उभ्यानं पी. सकाळपासून अख्खी गल्ली तुझ्या नावानं खडे फोडतेय. समोरचा शिंपी दोनदा येऊन गेला. मुकादम, तुमच्याच मुलीनं पूल बंद केला म्हणे. मी त्याला सांगितलं, असा एकट्या माणसाच्या मनावर पूल बंद होत नसतो. चौतीस वर्षं या गावचे पूल तपासलेत, मला ठाऊक आहे. वरून हुकूम आला असेल, ती फक्त बटण दाबते.

मुलगी : हुकूम नव्हता. मीच बंद केला.

बाबा : तू.

मुलगी : सात एकतीसला. दोन्हीकडचे अडसर पाडले, सिग्नल लाल केला, आणि मग साहेबांना फोन करून तसं कळवलं. आधी नाही. नंतर.

बाबा : पहिल्यापासून सांग. आणि त्या खिडकीपासून लांब हो, खाली लोक बघतायत.

मुलगी : सहाला पाळी सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी मोठ्या पुलाच्या सहाही खांबांवर डबीएवढी यंत्रं बसवली, ती तुम्ही पाहिलीत. खांब किती कलला ते ती मोजतात आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर रेघ उमटते. भरलेला ट्रक पुलावर चढला की रेघ वर जाते, ट्रक उतरला की खाली येते. दिवसभर तेच चाललेलं असतं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. आज सात बाराला चौथ्या खांबाची रेघ वर गेली आणि खाली आली, पण जिथून निघाली तिथवर नाही आली. जरा वरच थांबली. पुढचा ट्रक गेला, पुन्हा तसंच. पुन्हा जरा वर.

बाबा : चौथ्या खांबाची.

मुलगी : चौथ्याची. मग पिवळा दिवा लागला. पिवळा म्हणजे नजर ठेवा आणि साहेबांना कळवा. मी उपअभियंता साहेबांना फोन केला. ते दाढी करत असावेत, नळाचा आवाज येत होता. म्हणाले, यंत्र बंद करून चालू करा. केलं. आकडा तोच. म्हणाले, ऊन पडायला लागलंय, लोखंड तापलं की असं दाखवतं. मी म्हटलं, साहेब, ऊन बाकीच्या पाच खांबांवर पण आहे. तर म्हणाले, पिवळ्यावर पूल बंद करायचा नसतो, लाल होऊ द्या. लाल झालं की अडसर आपोआप पडतात, तुम्हाला काही करावं लागत नाही.

बाबा : बरोबरच बोलला तो. नियम तसाच असणार.

मुलगी : नियम तसाच आहे. एकोणीस मिनिटं मी त्या नियमाकडे बघत बसले. एकोणीस मिनिटांत एकतीस ट्रक आणि सहा बस गेल्या. मी मोजत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. शेजारच्या टेबलावर रस्त्यांचे दिवे सांभाळणारा म्हणाला, अगं, पाय किती हलवतेस, टेबल हलतंय. नंतर एक शाळेची बस चढली आणि मी अडसर पाडले. बस पुढे निघून गेली, तिच्या मागचं सगळं थांबलं.

बाबा : लाल झालं नव्हतं.

मुलगी : नाही. शेवटपर्यंत झालं नाही.

बाबा : म्हणजे यंत्र म्हणत नव्हतं, साहेब म्हणत नव्हता, आणि तू बंद केलास. शहराचा एकुलता एक मोठा पूल. पलीकडे दवाखाना, बाजार, स्टेशन. कुणी ॲम्ब्युलन्समध्ये असेल, हा विचार केलास?

मुलगी : होती. पाच मिनिटांत आली. मला कॅमेऱ्यात दिसत होती. ड्रायव्हर खाली उतरला, अडसराशी आला, आणि वर दिव्याच्या खांबावर कॅमेरा दिसला तसं त्यानं कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. आवाज येत नाही त्या कॅमेऱ्याला. नुसता हात जोडून उभा. माझं बोट बटणावर होतं, बाबा. एक गाडी सोडली तर काय होतं, हलकीच तर आहे. पण एक सोडली की मागून दुसरी घुसणार, तिच्यामागून तिसरी. मी सोडली नाही. ती धरणावरून फिरून गेली. चाळीस मिनिटं.

बाबा : आत कोण होतं?

मुलगी : एक बाई. पोटात काहीतरी फुटलं होतं. मी दवाखान्यात तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तिथली बाई म्हणाली, ताई, तुम्ही त्यांच्या कोण? मला सांगता येईना. ऑपरेशनला घेतलंय एवढं कळलं.

बाबा : काही खाल्लंस का?

मुलगी : नको.

बाबा : दोन घास खा. चार वाजता उपाशीपोटी बोलशील तर आवाज कापेल, आणि आवाज कापला की समोरच्याला वाटतं चूक हिचीच. कोण असणार बैठकीला?

मुलगी : मोठे साहेब, उपअभियंता, यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचा एक माणूस. कंपनीवाला सकाळीच फोनवर म्हणाला, यंत्रात बिघाड असणं शक्य नाही, यंत्रानं लाल दाखवलेलंच नाही. उपअभियंता म्हणतात, पिवळा दिवा हाच यंत्राचा बिघाड. एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत, पण दोघांचं म्हणणं येऊन थांबतं माझ्यावर. मोठ्या साहेबांनी अग्निशमन दलाच्या पाणबुड्याला बोलावलंय. तो उतरून तळ बघणार. काही सापडलं नाही की मग माझं काय ते ठरवणार.

बाबा : पाणबुड्या उतरलाय? कधी?

मुलगी : मी निघाले तेव्हा होडी लावत होते. तुम्ही का उठलात?

बाबा : काही नाही. पंखा जोरात आहे.

मुलगी : पंखा बंद आहे, बाबा. सकाळपासून लाईट नाही आपल्याकडे. चौथ्या खांबाचं तुम्हाला काही आठवतं?

बाबा : सहाही आठवतात. चौथा वळणाच्या तोंडाशी. पाणी त्याच्यावर थेट येत नाही, तिरकं येतं आणि मागे भोवरा करतं. त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. मी होडीतून जायचो, दोरीला शिशाचा गोळा बांधून खाली सोडायचो. गोळा टेकला की हाताला कळतं खाली वाळू आहे, दगड आहे की नुसता गाळ. हल्ली कोण करतं ते.

मुलगी : कुणीच नाही. दरवर्षी ड्रोन उडतो. पाण्याच्या वरचं सगळं दिसतं, तडा दिसतो, गंज दिसतो. पाण्याखालचं शेवटचं तपासलं ते सहा वर्षांपूर्वी. पूर आला होता त्या वर्षी.

बाबा : हं.

मुलगी : तुम्ही तपासलं होतंत.

बाबा : मीच असणार. माझं शेवटचं वर्ष.

मुलगी : उपअभियंता साहेबांनी त्या नोंदीचा कागद काढून ठेवलाय बैठकीसाठी. मला दाखवला. मोठा पूल, खांब एक ते सहा, तळ घट्ट, पाया पूर्ण झाकलेला, खाली तुमची सही. म्हणाले, तुमच्या वडिलांवर तरी तुमचा विश्वास असेल ना.

बाबा : असं म्हणाला तो?

मुलगी : हसून म्हणाले. वाईट माणूस नाही तो. त्याला खरंच वाटतंय की मी घाबरले.

बाबा : पण सहा वर्षं झाली त्याला. सहा वर्षांत नदी कुठली कुठं जाते. मध्ये कुणी उतरायला नको पाण्यात?

मुलगी : इथेच तर सगळं आहे. त्याच वर्षी नवीन सिस्टिम आली तेव्हा सगळ्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या, तुमच्यासुद्धा. आता पुढची तपासणी कधी, हे माणूस ठरवत नाही, सिस्टिम ठरवते. तळ सैल अशी नोंद असेल तर दरवर्षी. घट्ट असेल तर सात वर्षांनी. मोठ्या पुलाची पुढच्या वर्षी आहे.

बाबा : सात वर्षांनी.

मुलगी : आणखी एक. तळ घट्ट असेल तर खांब थोडा जास्त हलला तरी चालतो, असं सिस्टिम धरते. त्या खांबाची लाल दिव्याची मर्यादा सैल ठेवते. म्हणून आज लाल झालं नाही. मर्यादा तुमच्या नोंदीवरून ठरली होती.

बाबा : मला कुणी सांगितलं नव्हतं की वहीतल्या एका ओळीवरून एवढं सगळं होणार आहे. आमच्या वेळी वही कपाटात जायची. पुढच्या वर्षी नवा माणूस नवी वही घेऊन जायचा.

मुलगी : मला माहीत आहे.

बाबा : पण मग एक कळत नाही मला. माझी सही तिथं होती. तुझ्या बापाची. घट्ट म्हणून लिहिलेलं तुला ठाऊक होतं. साहेबाचा त्या कागदावर विश्वास बसला आणि तुझा नाही?

मुलगी : नाही बसला.

बाबा : का?

मुलगी : राहू दे.

बाबा : राहू दे नाही. चौतीस वर्षं मी काम केलंय. माझी पोर माझ्या सहीसमोर बसून पूल बंद करते, तर मला कारण कळायला पाहिजे. का?

मुलगी : कारण त्या वह्या कॉम्प्युटरवर मी चढवल्या, बाबा. तेव्हा मी कंत्राटावर टायपिंगला होते. तुमची वही समोर आली तेव्हा मला बरं वाटलं, तुमचं अक्षर मला सगळ्यात जलद वाचता येतं. त्या पुरानंतरची तपासणी, आठ दिवस, बेचाळीस जागा. पहिल्या नऊ नोंदी निळ्या शाईत. एकीवर चिखलाचा अंगठा. दुसऱ्या दिवशी पाऊस असणार, अक्षर फुटलेलं. आणि दहाव्यापासून बेचाळीसपर्यंत सगळं जांभळ्या शाईत. तारखा सहा दिवसांच्या, पण ओळी सरळ, अक्षर एका बैठकीतलं. कुठंही पाण्याचा थेंब नाही.

बाबा : पेन बदललं असेल.

मुलगी : पेन मीच दिलं होतं तुम्हाला. आई दवाखान्यात होती. तुमचं निळं पेन शर्टाच्या खिशात फुटलं, म्हणून मी खालच्या दुकानातून दुसरं आणलं. त्यांच्याकडे तेवढंच होतं. तुम्ही म्हणालात, ही कसली पोरकट शाई. दुपारी मी डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही बाकावर वही मांडीवर घेऊन लिहीत होतात. मला वाटलं, आधीचं काही राहिलेलं लिहिताय.

(फोन वाजतो.)

मुलगी : पाणबुड्याचा आहे. स्पीकरवर टाकते. हॅलो.

पाणबुड्या : ताई, मुकादम आहेत का जवळ? त्यांनीच मला पहिल्यांदा होडी वल्हवायला शिकवली, त्यांना पण ऐकू दे. आत्ता वर आलोय. साहेबांना सांगून झालंय, आता तुम्हाला सांगतो.

मुलगी : बोला.

पाणबुड्या : पाणी गढूळ आहे, दिसत काही नाही, सगळं हातानं चाचपत केलं. एक, दोन, तीन ठीक. चौथ्याला गेलो तर खाली पाय टेकेना. वरच्या, पाणी येतं त्या अंगाला खड्डा पडलाय, माझ्या उंचीचा. त्यात उतरलो आणि खांबाच्या पायाखालून हात घातला. खांद्यापर्यंत आत गेला. पलीकडे काही लागलं नाही हाताला, ताई. नुसतं पाणी.

मुलगी : म्हणजे खांब...

पाणबुड्या : खांब उभा आहे तो अर्ध्या पायावर. सकाळच्या गर्दीत आणखी किती वेळ उभा राहिला असता ते मी सांगणार नाही, मी काही इंजिनिअर नाही. पण मी वर आल्यावर होडी पुलाखालून नेली नाही. लांबून वळवली. मोठे साहेब काठावर बसून राहिलेत, खिशातून फोन काढतात आणि परत ठेवतात. बरं, मुकादम, तब्येत कशी आहे?

बाबा : ठीक आहे. तू अंग पुसून घे. थंड पाण्यातून आलायस.

पाणबुड्या : घेतो. ताई, लोकांचं काही मनावर घेऊ नका. ठेवतो.

बाबा : सुटलीस.

मुलगी : हो.

बाबा : सुटलीस पोरी. आता चार वाजता कुणी ब्र काढणार नाही. उद्या हीच गल्ली तुला डोक्यावर घेईल. बस आता तरी. अगं बस. काय शोधतेस पिशवीत?

मुलगी : दवाखान्यातून मेसेज आलाय, तो वाचला. ऑपरेशन झालं. बाई शुद्धीवर आहे.

बाबा : घ्या. तेही झालं. मग आणखी काय?

मुलगी : ही यादी. निघताना छापून घेतली. बेचाळीस जागांची.

बाबा : ती कशाला आणलीस घरी?

मुलगी : बेचाळीसपैकी मोठा पूल एक. बाकी एकेचाळीस. लहान पूल, मोऱ्या, कालव्यावरचे साकव. यंत्रं फक्त मोठ्या पुलावर आहेत, बाकी ठिकाणी काही नाही. तिथं पिवळा दिवा लागणार नाही, रेघ चढणार नाही. तिथं फक्त तुमची सही आहे आणि माझं टायपिंग. सगळीकडे तळ घट्ट. सगळीकडे सात वर्षं.

बाबा : यात तुझं काय? तू जे दिसलं ते टाईप केलंस.

मुलगी : मला शाई पण दिसली होती.

बाबा : मग तेव्हाच का नाही विचारलंस?

मुलगी : आईला जाऊन दोन महिने झाले होते. तुम्ही जेवत नव्हतात. समोरच्या भिंतीकडे बघत बसायचात. मी काय विचारणार होते, बाबा, तुम्ही वही खोटी लिहिलीत का? मी टाईप केलं आणि पान उलटलं. नंतर वाटायचं, काही होत नाही, जुने मजबूत पूल आहेत. पाऊस लागला की मात्र झोप उडायची. तुम्हाला वाटायचं मला विजांची भीती वाटते.

बाबा : सहा वर्षं.

मुलगी : सहा पावसाळे. सकाळी पिवळा दिवा लागला तेव्हा साहेब म्हणत होते यंत्र चुकलं. मला माहीत होतं यंत्र चुकलेलं नाही. ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि तरी मी एकोणीस मिनिटं बसले. एकतीस ट्रक आणि सहा बस.

बाबा : आता ऐक माझं. तू बैठकीला जा. शाबासकी देतील, घे. मी उद्या जाऊन मोठ्या साहेबांना खाजगीत सांगतो की सगळे पूल एकदा बघून घ्या, पुराचं पाणी जास्त होतं, माझ्याकडून एखादं राहिलं असेल. त्यांना इशारा पुरे. कागदावर कशाला?

मुलगी : इशाऱ्यानं सिस्टिममध्ये काही बदलत नाही. तिथं घट्ट लिहिलंय तोवर कुणाला पाण्यात उतरायचा हुकूमच निघत नाही. एखाद्या जागेवर तपासणी झाली नाही अशी खूण केली, तर ती जागा लगेच पिवळी होते आणि चोवीस तासांत तिथं माणूस पाठवावाच लागतो. खूण मला करता येते, माझ्या फोनवरून. कशाला हात लावू नका म्हणालेत, तरी करणार आहे.

बाबा : आणि खूण करणाऱ्याचं नाव येतं.

मुलगी : येतं. आणि मूळ नोंद कुणाची, तेही.

बाबा : म्हणजे मी चौकात तोंड दाखवायचं नाही. मला मुकादम म्हणून अजून खुर्ची देतात लोक. तुझ्या आईची एक चूक नव्हती कधी कुणाच्या हिशेबात, आणि तिच्या आजारपणाचं निमित्त करून नवऱ्यानं काय केलं, हे सगळ्या गावानं बोलायचं. तुला तेच पाहिजे?

मुलगी : मला ते नको आहे.

बाबा : मग?

मुलगी : शाळेमागे एक मोरी आहे, बाबा. यादीत सव्विसावी. मुलं सुट्टीत तिच्या कठड्यावर बसतात. ती तुम्ही पाहिली होतीत का?

बाबा : नऊ पाहिल्या. दोन दिवसांत नऊ. त्या मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिसऱ्या दिवशी मोठा पूल घेतला. होडीत मी आणि होडीवाला. पहिला खांब मोजला, दुसरा मोजला, तिसरा मोजला. चौथ्याकडे होडी वळवत होतो तेवढ्यात तुझा फोन आला.

मुलगी : माझा?

बाबा : तू म्हणालीस, आईनं डोळे उघडलेत, तुम्हाला विचारतेय. चार दिवसांत पहिल्यांदा बोलली होती. मी दोरी ओढून घेतली आणि होडीवाल्याला म्हटलं, फिरव. चौथा खांब असा समोर होता, हात लांब केला असता तर लागला असता. मी म्हटलं, उद्या येतो.

मुलगी : मला तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत.

बाबा : सांगून काय करणार होतो? तू बरोबरच केलंस फोन करून. मी पोचलो तेव्हा ती जागी होती. मला म्हणाली, पायाला चिखल लागलाय, पुसून घ्या. पाच मिनिटं बोललो असू. मग पुन्हा डोळे मिटले तिनं. दुसऱ्या दिवशी मला तिथून उठवेना. तिसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी ऑफिसातून शिपाई आला, रिपोर्ट उद्या पाहिजे म्हणाला. मी म्हटलं असतं की झालेला नाही, तर दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं त्यांनी. माणसं होती. पण मला ते म्हणवलं नाही. चौतीस वर्षांत मुकादमाचं काम राहिलं असं कधी झालं नव्हतं, ते शेवटच्या वर्षी होऊ द्यायचं नव्हतं मला. म्हणून लिहिलं. बाकावर बसून. तुझ्या आईचा काही दोष नाही यात. तिला कुणी मध्ये आणू नये.

मुलगी : कुणी आणणार नाही.

बाबा : प्रत्येक पुरात मी पुलावर जाऊन उभा राहायचो. तुला वाटायचं जुन्या कामाची ओढ. वरून काही कळत नाही. गोळा सोडल्याशिवाय काही कळत नाही.

मुलगी : बसा, बाबा.

बाबा : तूच बस आधी. तो फोन उघड. किती वाजले?

मुलगी : पावणेदोन.

बाबा : चारच्या आत होईल सगळं?

मुलगी : होईल.

बाबा : बैठकीला मी येतो तुझ्याबरोबर. साहेबांनी तो सहीचा कागद काढलाच आहे, तर सही करणाराही समोर असू दे. शाई तुला दिसली होती, हे तू बोलायचं नाहीस.

मुलगी : बोलणार आहे.

बाबा : ते तिथं बघू. उघडलंस?

मुलगी : उघडलं. मोठ्या पुलापासून सुरू करते. तपासणी झाली नाही. आता कारण विचारतंय. उपकरण बिघाड, रस्ता बंद, पाणी जास्त, दुबार नोंद, इतर.

बाबा : पाणी जास्त होतं म्हणायला हरकत नाही तसं.

मुलगी : बाबा.

बाबा : इतर घे.

मुलगी : इतर घेतलं की लिहावं लागतं. काय लिहू?

बाबा : लिही, पाहिलं नाही. तरी पाहिलं म्हणून लिहिलं.

मुलगी : लिहिलं. पिवळा झाला.

बाबा : असे किती?

मुलगी : अजून बत्तीस.

बाबा : प्रत्येकाला वेगळं?

मुलगी : नाही, एकदम पण होतं. सगळ्यांवर खूण करायची, कारण एकदाच लिहायचं, सगळीकडे तेच जातं. दोन मिनिटांचं काम.

बाबा : एकदम नको. एकेक घे. तू जागा वाच, मी सांगतो.

मुलगी : अकरा नंबर. वखारीमागचा साकव.

बाबा : नाही पाहिला.

मुलगी : बारा. गिरणीकडची मोरी.

बाबा : नाही पाहिली. पुढची.